पेशी चमकली, पण एमडीएम२मुळेच का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पेशीत एमडीएम२ हे प्रथिन किती आहे ते चमकेवरून कळावं म्हणून त्याला चिकटणाऱ्या पी५३ या प्रथिनाचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, घेतलं. त्याच्या एन-टोकाशी (सुरुवातीच्या टोकाशी) डॅन्सिल हा चमकणारा डाय लावला, पेशीत शिरावं म्हणून दुसऱ्या टोकाला टॅट हा पेशीत घुसणारा तुकडा जोडला. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) एमडीएम२ घातलं की चमक दहापट होते. पेशींवर टाकलं की सगळ्याच पेशी चमकतात, त्याही ठिपक्याठिपक्यांनी, आणि एमडीएम२ भरपूर असलेल्या नि कमी असलेल्या पेशींत फरकच दिसत नाही. तर आता पेप्टाइड बदलायचं का?

त्याआधी कागद घ्या. समजा पेशीत एमडीएम२ आहे ५० नॅनोमोलर आणि तुमचं पेप्टाइड आत गेलं ५ मायक्रोमोलर, म्हणजे त्याच्या शंभरपट. एमडीएम२च्या प्रत्येक रेणूला एकेक पेप्टाइड चिकटलं तरी शंभरातलं एकच कामी आलं, बाकीची ९९ मोकळीच फिरणार. मोकळ्याची चमक १ धरा, बांधलेल्याची १०. बेरीज १०९. एमडीएम२ अजिबात नसलेल्या पेशीत १००. या ९ टक्क्यांपेक्षा जास्त फरक तर शेजारशेजारच्या दोन पेशींत पेप्टाइड कमीजास्त शिरल्यानेच पडतो. हीच वाढ शंभरपट असती तर बेरीज १९९ झाली असती आणि फरक डोळ्यांना दिसला असता. म्हणून आधी बघायचं ते मोकळं पेप्टाइड किती काळोखं राहतं. आणि पेप्टाइड जमेल तितकं कमी घाला. ५ मायक्रोमोलर फारच झालं.

डॅन्सिल या कामाला नको. त्याला ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो आणि त्याच प्रकाशात पेशीत मुळातच असलेलं एनएडीएच हे संयुग आपणहून चमकतं. एमआयटीत बार्बरा इम्पेरियाली यांच्या गटाने ४-डीएमएन हा डाय थेट पेप्टाइडातल्या अमिनो आम्लाच्या साइड चेनमध्ये (बाजूच्या फांदीत) बसवला. पाण्यात तो जवळजवळ विझलेला असतो, आणि कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटणाऱ्या पेप्टाइडांत त्यांना शेकडो पट वाढ मिळाली. तुम्हाला हवा तो गुण हाच.

पण डाय कुठे बसवता यावर अर्धं काम ठरतं. १९९६ची पी५३-एमडीएम२ची स्फटिकरचना पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहात १वायसीआर नावाने आहे, ती उघडून फिरवून फिरवून बघा. फेनिलअ‍ॅलनिन १९, ट्रिप्टोफॅन २३ आणि ल्युसिन २६ ही पी५३ची तीन अमिनो आम्लं (आकडा म्हणजे साखळीतली जागा) एमडीएम२च्या खाचेत खोल रुतलेली दिसतील. त्यांना हात लावू नका. तुमचं डॅन्सिल टोकाला लोंबतंय, म्हणजे पेप्टाइड बांधलं गेल्यावरही ते बऱ्यापैकी पाण्यातच राहत असणार. डाय हवा खाचेच्या काठाला घासणाऱ्या जागी, आणि डाय व पेप्टाइड यांच्यामधला दुवा आखूड. नेमकी जागा रचनेवरून हमखास सांगता येत नाही, तेव्हा तीन-चार जागांची पेप्टाइडं एकदमच करा.

सीरमचं (पेशी वाढवायच्या माध्यमात घालतात त्या रक्तद्रवाचं) मात्र सविस्तर लिहितो, कारण त्यात माझे स्वतःचे चार महिने गेलेत. पेशींमधला सिग्नल इतका सुरेख होता की मी तो गटाच्या बैठकीत दाखवलासुद्धा. मग एके दिवशी प्लेटमधल्या एका खान्यात पेशी टाकायच्या राहिल्या, नुसतं माध्यम आणि पेप्टाइड होतं, आणि तो खानाही तितकाच चमकत होता. माध्यमात १० टक्के सीरम होतं. त्यातल्या अल्ब्युमिनला असल्या तेलकट डायची ओढ असते, पेप्टाइड कुठलंही असो. तेव्हापासून नवीन पेप्टाइड आलं की एमडीएम२च्याही आधी मी बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) आणि लिपिडच्या व्हेसिकल्सबरोबर (स्निग्ध आवरणाच्या सूक्ष्म पिशव्यांबरोबर) मोजतो. तिथे उजळलं तर ते पेशीच्या आवरणातही उजळणार.

तुम्हाला दिसणारे ठिपके बहुतेक एंडोसोम आहेत, म्हणजे बाहेरचं आत ओढून घेणाऱ्या पेशीतल्या पिशव्या. टॅटने पेप्टाइड आत येतं खरं, पण बरंचसं त्या पिशव्यांतच अडकतं आणि एमडीएम२पर्यंत पोचतच नाही. पेशी फिक्स करून (रसायनाने जागच्या जागी गोठवून) बघत असाल तर तेही थांबवा. फिक्स करतानाच असली पेप्टाइडं पसरून केंद्रकात गेल्यासारखी दिसतात, हे २००३मध्येच दाखवलं गेलंय. जिवंत पेशीच बघा.

आता कंट्रोल, म्हणजे सिग्नल खरा आहे का याची पडताळणी. एमडीएम२ला नीट चिकटणार नाही असं पेप्टाइड करा: तोच डाय, तेच टॅट, फक्त फेनिलअ‍ॅलनिन १९च्या जागी अ‍ॅलनिन. ट्रिप्टोफॅन २३ बदललेलंही करा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका: ट्रिप्टोफॅन शेजारच्या काही डायची चमक दाबतो, तो काढला की मोकळ्या पेप्टाइडचीच चमक बदलू शकते. दुसरा कंट्रोल न्यूटलिन-३ए हे छोट्या रेणूचं औषध. ते त्याच खाचेत बसतं, त्यामुळे सिग्नल खरा असेल तर त्याने उतरायला हवा.

इथे एक गोष्ट फार जपा. एमडीएम२चं जनुक पी५३च चालू करतं, आणि एमडीएम२ पी५३ला नष्ट करायला लावतं. न्यूटलिनने खाच अडवली की पी५३ साठतं आणि काही तासांत एमडीएम२ वाढतं. तुम्ही सिग्नल उतरायची वाट बघत बसता आणि ज्याला मोजायचंय तेच मागून वाढत असतं. तुमचं पेप्टाइडही तीच खाच अडवतं, म्हणजे सेन्सर स्वतःच एमडीएम२ वाढवू शकतो. पीएमआयसारखं काही नॅनोमोलरलाच, म्हणजे फार घट्ट, बांधणारं पेप्टाइड घेतलंत तर हा धोका आणखी वाढेल. एसजेएसए-१ या हाडाच्या कर्करोगाच्या पेशींत पी५३ शाबूत आहे आणि एमडीएम२च्या जनुकाच्या जादा प्रतीही आहेत, तिथे पहिल्या तासाभरातच मोजा आणि त्याच वेळच्या पेशींचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) लावा. साओस-२ या पेशींमध्ये पी५३ नाही, त्यामुळे हे चक्रच तिथे नाही. त्यात बाहेरून एमडीएम२ घालून आणि न घालून तुलना करा. मी सुरुवात तिथूनच करेन.

आत्ता हाताशी आहे तेच पेप्टाइड घेऊन आज-उद्यात एवढं करा: नुसतं बफर, बफर आणि बीएसए, सीरमवालं माध्यम, बफर आणि एमडीएम२, चारही एकाच प्लेटमध्ये, एकाही पेशीशिवाय. चारही आकडे इथे टाका, मग डाय कुठे बसवायचा ते बसून बघू.