भाच्याचं अॅप दिसतं, मुलीचं काम दिसत नाही

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टीवाय बीएस्सी आयटीला, तिला बॅकएंड, म्हणजे अॅपच्या मागे सर्व्हरवर चालणारं, न दिसणारं काम शिकायचंय. वडिलांना तिला ८५ हजारांच्या अॅपच्या क्लासला घालायचंय, कारण भाच्याचं अॅप प्ले स्टोअरवर आहे. शेवटी लिहिलंय, "तुम्हीच तिला समजवा."

साहेब, राग मानू नका, पण मी तुमच्या एका ओळीवर अडकलोय. गणपतीत पाहुण्यांसमोर तुम्ही तिला म्हणालात, "त्याने अॅप केलं, तू काय केलंस ते दाखव," आणि ती उठून आत गेली. वर तुम्हीच लिहिता की हल्ली ती कॉलेजचं काही सांगत नाही. कशी सांगेल? चार लोकांत तोंडघशी पाडल्यावर मी पण नसतं सांगितलं.

आता ते न दिसणारं काम. समजा तुम्ही ठाणे स्टेशनला उभे आहात, अॅपवरून पैसे भरले, नेटवर्क गेलं, गोल चक्र फिरतंय, तुम्ही वैतागून परत बटण दाबलं. पैसे दोनदा कापले जायला नकोत ना? त्यासाठी त्या व्यवहाराला एक नंबर दिलेला असतो, दुसऱ्यांदा तोच नंबर आला की सर्व्हर ओळखतो की हे आधीच झालंय, आणि जुनंच उत्तर परत पाठवतो. हे लिहिणारा माणूस कुणाला दिसत नाही, चुकला की मात्र सगळ्यांना कळतं.

भाचा म्हणतो फायरबेस आहे, बॅकएंडवाले कशाला हवेत. अहो, फायरबेस हाच बॅकएंड आहे, फक्त गुगलचा, भाड्याचा. कुणाला कुठला डेटा दिसावा याचे रूल्स तरी आपल्यालाच लिहावे लागतात (त्याला विचारा, टेस्ट मोडचे, म्हणजे सगळ्यांना सगळं उघडं ठेवणारे, रूल्स बदललेस का, चेहरा बघा). आणि भाड्याच्या घराचं काय होतं तेही ऐका. अशीच पार्स नावाची सर्व्हिस होती, फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली, २०१७ च्या जानेवारीत बंद केली. ज्यांची अॅप्स तिच्यावर होती त्यांना आपलं बिऱ्हाड हलवावं लागलं, आणि ते हलवायला बॅकएंड कळणारीच माणसं लागली.

पुढे एमसीएची सीईटी आहेच, द्यायची की नाही ते तिला ठरवू द्या. क्लासचे पैसे भरले नसतील तर भरू नका. लॅपटॉप जुना असेल तर रॅम वाढवून द्या, पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, बाकी ती बघून घेईल.

तिला मी काही समजावणार नाहीये. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवायच्या आधी वाचू नका.