डिसोझा आडनावाची ढाल: विकत घ्यायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा की कुटुंब वसईचं, आडनाव डिसोझा, पप्पांच्या साठीला एका साइटवरून "डिसोझा फॅमिली क्रेस्ट" फ्रेम करून मागवायचंय, चित्रात छोट्या निळ्या ढाली आणि चंद्रकोरी आहेत, तर हे खरंच आपलं का?

चित्र खरं आहे, पण तुमचं नाही. त्याच साइटवर फर्नांडिस, परेरा, पिंटो टाइप करून बघा, प्रत्येकाला काही ना काही मिळेल. जुन्या संग्रहातून त्या नावाची एखादी ढाल उचलायची, खाली आडनाव छापायचं आणि विकायचं, हा धंदा परदेशात कैक वर्षं चालू आहे.

मूळ गोष्ट अशी की कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं हे चिन्ह, आडनावाला नसतं, माणसाला असतं. लंडनला अशा ढाली देणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था आहे, 1484 सालापासूनची, ते लोक आजही हेच सांगतात. ढाल एका माणसाला दिली जाते, मग ती त्याच्या मुलांकडे, मुलाच्या मुलांकडे अशी जाते. आडनाव सारखं म्हणून शेजारच्या पाटलाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागतं का, तसंच ते. स्कॉटलंडमध्ये तर अजून कडक, तिथे 1672 च्या कायद्याने ढालींचं रजिस्टर आहे आणि दुसऱ्याची ढाल वापरली तर लॉर्ड लायन या ढालींच्या अधिकाऱ्याच्या कोर्टात खरीखुरी केस होऊ शकते. आणि क्रेस्ट म्हणजे अख्खं चित्र नव्हेच, शिरस्त्राणाच्या वर जो पक्षी-प्राणी बसवलेला असतो तेवढंच क्रेस्ट. विकणाराच अख्ख्या ढालीला क्रेस्ट म्हणत असेल तर बाकी काय बोलायचं.

पोर्तुगालची पद्धत जरा वेगळी. तिथे ढाल घराण्याशी बांधलेली, आईकडूनही येऊ शकते, त्यामुळे "सूझांची ढाल" (आपलं डिसोझा म्हणजे पोर्तुगीज "द सूझा") असं म्हणता येतं, पण ते एक ठरावीक खानदान, सूझा नावाचे सगळे लोक नव्हेत. तुम्ही टाकलेल्या चित्रात ज्या पाच निळ्या ढाली क्रॉससारख्या मांडल्यात, प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके, ते थेट पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह आहे, आजच्या त्यांच्या झेंड्यावर पण दिसेल. ते सूझांकडे आलं कारण राजा तिसरा अफोन्सो (1248 ते 1279) याच्या दोन अनौरस मुलांची लग्नं सूझांच्या कुळातल्या मुलींशी झाली. त्यातून दोन शाखा निघाल्या. अरोंशेशच्या सूझांच्या ढालीचे चार खण, दोनात राजाचं चिन्ह आणि दोनात लाल रंगावर चांदीच्या चार चंद्रकोरी, टोकं एकमेकींकडे. प्रादोच्या सूझांकडे चंद्रकोरींच्या जागी चांदीवर जांभळा सिंह. म्हणजे साइटवाल्याने पहिली शाखा उचलली, दुसरी का नाही हे त्यालाही सांगता येणार नाही.

लिस्बनजवळ सिंट्राच्या राजवाड्यात एक दालन आहे, राजा पहिल्या मॅन्युएलने सजवलेलं, त्याच्या छतावर 72 घराण्यांच्या ढाली रंगवल्यात. त्यात ताव्होरा घराण्याची ढाल नंतर पुसून टाकली, कारण 1759 मध्ये राजाच्या खुनाच्या कटाच्या आरोपावरून त्या घरातल्या लोकांना देहदंड झाला. त्यातला मार्किस ताव्होरा म्हणजे 1750 ते 1754 मध्ये गोव्यात व्हाइसरॉय असलेला माणूस. ढाल हा नुसता शोभेचा प्रकार नव्हता, माणूस राजाच्या मर्जीतून उतरला की छतावरून नाव-निशाण जायचं.

आता तुमचं डिसोझा. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. या दोनशे वर्षांत बाप्तिस्म्याच्या वेळी गॉडफादरचं, नाहीतर पाद्रीबाबांचं किंवा एखाद्या बड्या साहेबाचं आडनाव लागायचं, म्हणून एकाच गावात एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली डिसोझांची घरं सापडतात. गोव्यात मार्तिम अफोन्सो द सूझा नावाचा गव्हर्नरच होऊन गेला (1542 ते 1545), पण म्हणून तिथले सगळे डिसोझा त्याचे वंशज होत नाहीत. तुमचे पूर्वज इथलेच वाडीवाले, शेती-बागायत करणारे असणार, आणि मला विचाराल तर अरोंशेशच्या उमरावापेक्षा ते काही कमी नाही.

खऱ्या ढाली बघायच्या तर लांब जायला नको. वसई किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत, त्यावर पोर्तुगीजमध्ये नाव, आणि काहींवर कोरलेली ढाल. जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये अख्खी फरशीच तशी आहे. सकाळी ऊन तिरपं असताना जा, पायांनी झिजलेलं कोरीवकाम डोक्यावर ऊन आलं की दिसतच नाही. पप्पांना घेऊन गेलात तर फ्रेमपेक्षा भारी गिफ्ट होईल.

तरी भिंतीवर काहीतरी लावायचंच असेल तर स्वतःची नवीन ढाल करा. आपल्याकडे ती देणारं सरकारी ऑफिस नाही, पण अडवणारंही कोणी नाही. एखादा काका कॅनडाचा नागरिक असेल तर तो तिथल्या ढाली देणाऱ्या सरकारी ऑफिसकडे, हेराल्डिक अथॉरिटीकडे (1988 पासून आहे) रीतसर अर्ज करू शकतो, पण खर्चाची तयारी ठेवा.

नवीन कशी करायची त्याचा नमुना मुंबईतच आहे. सर जमशेटजी जीजीभॉय, 1842 मध्ये सर झाले आणि 1857 मध्ये बॅरोनेट (म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा "सर" किताब), त्यांनी कुठल्या गोऱ्या घराण्याची नक्कल केली नाही. निळी ढाल, खाली आपले घाट, घाटामागून उगवता सूर्य, वर दोन उडत्या मधमाश्या. वर क्रेस्ट म्हणून मोर, चोचीत गव्हाची ओंबी. ब्रीद उद्योग आणि औदार्य. गंमत म्हणजे 1860 च्या कायद्याने पुढच्या प्रत्येक वारसाकडे हा किताब आला की त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं, मग आधीचं काहीही असो.

नियम फार नाहीत. पिवळा आणि पांढरा हे धातू धरतात, म्हणजे सोनं-चांदी, आणि लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको, कारण ढाल लांबून ओळखू आली पाहिजे. आणि आधी चित्र नाही, वर्णन लिहायचं. उदाहरणार्थ "हिरव्या ढालीवर सोनेरी केळीचा घड, वर चांदीच्या पट्टीवर निळ्या लाटा". एवढं लिहिलं की कुठलाही चित्रकार काढेल, प्रत्येकाचा घड वेगळा दिसला तरी ढाल तीच. केळी नको असतील तर पानवेल घ्या, रहाट घ्या, पण चार-पाच गोष्टी कोंबू नका. अशोकस्तंभाचे सिंह तर अजिबात टाकू नका, त्यावर 2005 चा कायदा आहे. आणि खाली नुसतं "डिसोझा" लिहू नका, पप्पांचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव लिहा.