‘शून्य गुरुत्वाकर्षण’ म्हणू नका, बाजारातलं ‘तूक’ आठवा

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: अंतराळवीर यानात तरंगतात, त्या अवस्थेला मुलं ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ लिहितात, ते बरोबर आहे का? आणि ‘गुरुत्वाकर्षण’मधला रु ऱ्हस्व की दीर्घ?

बाई, ते साफ चूक आहे. २०२५च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर होते, तेव्हा चहाच्या टपरीपासून वाचनालयापर्यंत हाच शब्द ऐकून माझे कान किटले. ते स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर वर आहे. आपल्या बेळगावाहून बंगळूरसुद्धा त्याहून लांब! तिथे पृथ्वीची ओढ इथल्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. ती खरोखरच शून्य असती, तर स्थानक सरळ रेषेत केव्हाच निघून गेलं असतं. दर दीड तासाला पृथ्वीभोवती फेरी घालत बसलं नसतं. शून्य झालेलं असतं ते वजन. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत आणि घोळ सगळा इथेच आहे.

गुरू म्हणजे शिक्षक, गुरू म्हणजे ग्रह, गुरू म्हणजे जड, हे कोणत्याही कोशात मिळेल. इंग्रजी ‘ग्रॅव्हिटी’ ज्यातून आला तो लॅटिन ‘ग्राव्हिस’ आणि आपला ‘गुरु’ हे एकाच मुळाचे शब्द, एवढं सांगतो आणि पुढे जातो. कारण ह्या प्रश्नाचं खरं उत्तर संस्कृतात नाही, लॅटिनमध्येही नाही. ते आपल्या बाजारात आहे.

भाजीवालीला कन्नडमध्ये ‘तूक माड्री’ म्हणतो ना आपण? तूक म्हणजे वजन. हा शब्द ‘तूगु’ ह्या क्रियापदाचा, आणि तूगु म्हणजे तोलणं, लोंबणं, झुलणं, झुलवणं. बाळाचा पाळणा हलवणं तेही तूगु. गोकाकच्या धबधब्यावरचा झुलता पूल म्हणजे ‘तूगुसेतुवे’. तमिळातही ‘तूंगु’ म्हणजे लोंबणं आणि ‘तूक्कु’ म्हणजे उचलणं, तोलणं. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्या लेखी वजन म्हणजे लोंबत्या वस्तूचा दोरीला बसणारा ताण. केवढी अचूक नजर! वस्तू खाली यायला बघते, दोरी तिला अडवते, आणि त्या अडवण्यात जे जाणवतं ते तूक. आता दोरी कापा. वस्तू पडू लागली, ओढ तशीच आहे, पण तूक गेलं. ताणकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) वाटी अडकवून काटा हातातून सोडून द्या (खाली गादी घाला): पडताना तो शून्य दाखवील.

अंतराळवीराचं हेच होतं. तो आणि त्याचं यान दोघंही एकत्र पडतच असतात; पण पडता पडता ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही जातात, त्यामुळे ते जितके खाली येतात तितकी पृथ्वीची गोलाईही खाली वळलेली असते. त्याला अडवायला ना जमीन ना दोरी, म्हणून तूक नाही.

‘वजन’ हा अरबीतून आलेला शब्द आहे. जुन्या मराठीत मात्र ‘तुकणे’ म्हणजे तोलणे असं क्रियापद होतंच. ते संस्कृत ‘तुला’वरून आलं म्हणणाऱ्यांनी ‘ल’चा ‘क’ कोणत्या नियमाने झाला ते आधी दाखवावं. शेजारच्या घरात ‘तूक’ अर्थासकट नांदत असताना लांबची सोयरीक कशाला शोधायची? माझं ठाम मत आहे की हे कन्नडचंच देणं आहे. सीमेच्या भांडणापायी ते नाकारणं मला पटत नाही.

असाच हट्ट भास्कराचार्यांबाबत चालतो. ‘न्यूटनच्या आधी पाचशे वर्षं गुरुत्वाकर्षणाचा नियम आपल्याकडे होता’ असं भाषणांत सांगतात. ११५०च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीला ‘आकृष्टिशक्ती’ आहे आणि आकाशातली ‘गुरु’ म्हणजे जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, असं स्पष्ट आहे, आणि ते थोरच आहे. वैशेषिकांनी, म्हणजे प्राचीन भारतातल्या एका दर्शनाच्या पंडितांनी, गुरुत्व हा पडणाऱ्या वस्तूचाच गुण मानला होता. भास्कराचार्यांनी ओढीचा मान पृथ्वीला दिला. पण कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, हे १६८७चं न्यूटनचं म्हणणं त्या श्लोकात नाही. पृथ्वी वाटीला ओढते तितक्याच जोराने वाटीही पृथ्वीला ओढते. श्लोकात नसलेलं त्यात घुसडलं की जे आहे त्याचीच किंमत जाते.

तेव्हा बाई, मुलांना ‘भारहीन अवस्था’ किंवा ‘वजनरहित अवस्था’ लिहू द्या. वर्गात कन्नड जाणणारी मुलं असतीलच, त्यांना ‘तूक इल्ल’ म्हणून सांगा. ओढ आहे, तूक नाही, हे त्यांना लगेच उमगेल.

रु ऱ्हस्वच. सुटा ‘गुरू’ मराठीत दीर्घ लिहितात, पण समासात आणि ‘त्व’सारख्या संस्कृत प्रत्ययापूर्वी मूळचा ऱ्हस्व राहतो: गुरुवार, गुरुत्व, गुरुत्वाकर्षण.