आधी जागा लिही

प्रिय मुली,

गुजरातेतल्या रतनपूरहून आणलेले अकीक, म्हणजे अ‍ॅगेटचे खडे, तू पांढऱ्या कागदावर सुरेख मांडलेस, धुऊनपुसून. पण कोणता खडा कुठल्या खड्ड्यातला, किती खोलीवरचा, वरच्या मातीतला की खालच्या गोट्यांच्या थरातला, याची एक ओळही नाही. आणि तू विचारतेस, अहवाल इतिहासाचा करू की भूशास्त्राचा! तो प्रश्न नंतरचा. आधी जागा लिही.

रतनपूरजवळच्या राजपीपळ्याच्या डोंगरातला बेसॉल्ट आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंडावताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर अकीक साचला. पण तू तर बेसॉल्ट फोडलाच नाहीस. रतनपूरचे खाणकामगार खणत खणत ज्या गोट्यांपर्यंत पोचतात तो थर मायोसीन नावाच्या, पुष्कळ नंतरच्या भूशास्त्रीय काळातला, डोंगर झिजून पाण्याने अकीक वाहून आणला त्यानंतरचा. मधे कोट्यवधी वर्षं गेली. तुझ्या खड्याची गोलाई त्याच प्रवासातली आहे, पण थराची नोंद नसेल तर हे तू कोणाला पटवणार?

इतिहासाचंही तेच. मेसोपोटेमियातल्या उर शहरी राजघराण्याच्या थडग्यांत सिंधू संस्कृतीकडून गेलेले अकीकचे लाल मणी मिळाले, लोथलला मणी घडवण्याचा कारखाना सापडला. म्हणून तू लिहून टाकलंस, ‘हे मणी रतनपूरचे’. कशावरून? अकीक कच्छातही मिळतो, सौराष्ट्रातही. मणी कुठल्या खाणीचा हे त्यातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवरून ताडून पाहतात, आणि ताडायला जागा ठाऊक असलेला नमुनाच लागतो. बेवारस खडा तिथे काही कामाचा नाही. पहिल्या शतकातलं, एका व्यापाऱ्याने लिहिलेलं मानलं जाणारं ग्रीक पुस्तक ‘पेरिप्लस’ पैठणहून भडोचला जाणाऱ्या अकीकवर्गी दगडांची नोंद करतं, म्हणजे आपलं दख्खनही या व्यापारात होतं. बघ, त्या व्यापाऱ्यानेसुद्धा गावाचं नाव लिहून ठेवलं!

रतनपूरच्या बावा गोरच्या दर्ग्याबद्दल तू एक वाक्य लिहून पुढे गेलीस. आफ्रिकी वंशाच्या सिद्दींच्या या पिराशी तिथली परंपरा अकीकचा धंदा जोडते, आणि मणी तर त्याच्या हजारो वर्षं आधीचे. यातलं एक खरं, एक खोटं ठरवायची घाई कशाला? कोणी सांगितलं, कुठे बसून सांगितलं, ते लिही. तीही जागाच.

मला दोन्ही शिकायचं होतं. आमच्या वेळी विज्ञान घेतलं की इतिहासाचं दार बंद होत असे, ती खंत आजही आहे. म्हणून ‘दोन्हीपैकी काय?’ असं तू विचारलंस की जीव तुटतो. माझ्यावर कायम आक्षेप असायचा की सहलीचा अख्खा दिवस मी एकाच खड्ड्यापाशी घालवते, मुलांना चार ठिकाणं दाखवत नाही. मला तो तेव्हाही पटला नाही, आताही नाही. चार ठिकाणं धावत पाहिलेल्या मुलांना दगडांची नावं पाठ असतात, थर विचारला की गप्प होतात. माझ्या मुलांना थर सांगता येत असे. एवढ्यासाठी बोलणी खाल्ली तर खाल्ली.

पावसाळ्याआधी परत जा, मातीत पाणी मुरलं की खड्डे ढासळतात. एरवीही आत उतरू नकोस. माल वर येईल तिथेच बस, खणणाऱ्यांना खोली विचार आणि खडा पिशवीत टाकण्याआधी लिही. उन्हात वाळवून मडक्यात भाजल्यावर पिवळट खडा लाल का होतो हे तुला ठाऊक आहे: खड्यातल्या लोहसंयुगातलं पाणी निघून हेमटाइट, म्हणजे लाल लोहऑक्साइड बनतं. पण किती वेळ, कशाच्या विस्तवात, हे भाजणाऱ्यालाच विचार. मग खंभातला जा. तिथे खडे घासणाऱ्यांच्या छातीत सिलिकाची धूळ जाते, सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो आणि माणसं तरणीताठी दगावतात. कुठे कोरडं घासतात, कुठे पाणी वापरतात, धूळ ओढून घ्यायची सोय आहे की नाही, तेही जागेनिशी लिहून आण.

तुझी,
बाई