चाक जड, होकायंत्र चुकलेले : शिडाच्या बोटीच्या सुकाणूबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात काठावर ओढून ठेवलेल्या बोटी पुन्हा खाडीत उतरू लागल्या आहेत. या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सुकाणूच्या जागेबद्दलची होती. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची 28 फुटी फायबरग्लासची बोट आहे, चाकाचे सुकाणू. बोट काठावर असताना सुकाणूच्या उभ्या दांड्याचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आणि चाकापासून सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारा दोन्ही नव्या टाकल्या. तेव्हा चाक एका बोटाने फिरत होते. पाण्यात उतरवून दोन आठवडे झाले आणि आता ते इतके जड झाले आहे की सुकाणूवरचा पाण्याचा दाब हाताला कळतच नाही. तारा आणखी आवळून पाहिल्या, पण उपयोग झाला नाही. (वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : तारा आवळल्याने जडपणा वाढतोच, म्हणून आधी त्या पुन्हा सैल करा. मग बोट उभी असताना दोन्ही तारा क्वाड्रंटपासून, म्हणजे सुकाणूच्या उभ्या दांड्यावरच्या ज्या चापाकार तुकड्याला त्या जोडलेल्या असतात त्यापासून, सोडवा आणि क्वाड्रंट नुसत्या हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. तो मोकळा फिरला तर दोष तारांत, कप्प्यांत किंवा पेडेस्टलमध्ये, म्हणजे चाकाच्या खांबात. तोही जड असेल तर दोष बुशमध्ये. हे न करता पेडेस्टल उघडणारे दिवस वाया घालवतात.

तुमच्या वर्णनावरून संशय बुशवर जातो. काठावर मोकळे आणि पाण्यात पंधरा दिवसांनी घट्ट, हे नायलॉनच्या बुशचे नेहमीचे लक्षण आहे. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला लेथवर बुश करून घेताना नुसते ‘पांढरे प्लास्टिक’ सांगितले, तर हाताशी असलेली नायलॉनची कांब लावली जाण्याची शक्यता मोठी. नायलॉन पाणी पिते. साधे नायलॉन 6 पूर्ण भिजले की वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी शोषते आणि फुगते. बुश बाहेरून नळीत ठोकून बसवलेला असतो, त्यामुळे फुगायला त्याला जागा मिळते ती आतल्या बाजूलाच, आणि तो दांड्याला आवळून धरतो. इथे अॅसिटल हवे, जे डेल्रिन या नावानेही मिळते. ते पाणी जेमतेम 1 टक्का घेते.

दोन्ही दिसायला सारखीच, पण ओळखायची सोपी खूण आहे. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालत राहा. त्या पाण्यात साध्या नायलॉनचा तुकडा तरंगतो, अॅसिटलचा तळाला जातो. लेथवाल्याकडून कांबेचा टाकाऊ तुकडा मागून घ्या आणि काम देण्याआधीच ही परीक्षा करा. बसवलेला बुश आतून खरवडून मोकळा करता येतो, पण ती तात्पुरती सोय झाली. बोट पुढच्या वेळी वर येईल तेव्हा तो बदला. ठाण्याच्या खाडीचे पाणी गाळाचे, त्यामुळे बारीक चिखल बुशमध्ये शिरूनही सुकाणू जड होते. वर काढलेल्या बोटीच्या नळीत गोड्या पाण्याचा पाइप लावून ती धुऊन टाका.

आता तारा. त्या पुन्हा जोडण्याआधी दुकानदाराने नेमकी कोणती तार दिली ते तपासा. कप्पीवरून वळणारी तार 7×19 बांधणीची हवी, म्हणजे सात पीळ आणि प्रत्येक पिळात 19 बारीक तारा. डोलकाठीच्या ताणांसाठी मिळणारी 1×19 तार ताठ असते. ती कप्पीवरून वळवली की घर्षण वाढते आणि आतल्या तारा लवकर तुटतात. प्रत्येक टोकाला थिंबल (तारेच्या वळशात बसणारी धातूची खोबण) आणि दोन क्लॅम्प घाला. क्लॅम्पचे खोगीर भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट उरलेल्या शेपटीवर येईल असे बसवा. उलटे बसवले की यू-बोल्ट भाराची तारच चिरडतो.

सुकाणू मधोमध असताना पेडेस्टलमध्ये तारांना जोडलेल्या साखळीची मधली कडी चाकाच्या दातेरी चक्रावर आली पाहिजे. मग चाक बांधून टाका आणि क्वाड्रंट हाताने हलवून पाहा. ज्या ताणाला तो हलायचा थांबतो तिथे थांबा आणि दुहेरी नट घट्ट करा. त्यापुढचा प्रत्येक आटा कप्पीच्या पिनेवर भार टाकतो आणि हाताला येणारी जाणीव कमी करतो.

बॅटरी घेऊन एकदा खाली उतरा. कप्पीखाली काळी भुकटी पडलेली दिसली, किंवा कप्पीच्या गालावर एकाच बाजूला चकाकी दिसली, तर तार खाचेत सरळ उतरत नाही. कप्पीचा पाया पाचर घालून फिरवा. तेल देताना टिश्यू पेपरवर 30 नंबरचे इंजिन ऑइल घेऊन तार पुसत जा. कागद जिथे अडकून फाटेल तिथे एखादी बारीक तार तुटलेली आहे. तशी एक जरी सापडली तरी दोन्ही तारा बदला.

आणि सुकाणूचे अडसर विसरू नका. दोन्ही बाजूंना साधारण 35 अंशांवर क्वाड्रंट अडला पाहिजे, तोही बोटीच्या सांगाड्याला पक्क्या जोडलेल्या ठोकळ्यावर. बोट मागे घेताना पाणी सुकाणूला जोराने एका टोकाला फेकते. अडसर नसेल तर तो सगळा झटका साखळीच्या टोकाला बसतो.

प्रश्न : पेडेस्टलवर 9 इंची चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) आणि मोबाइलचा होल्डर बसवला, व्हीएचएफ रेडिओचा माइकही तिथेच टांगला. तेव्हापासून होकायंत्र काही दिशांना प्लॉटरपेक्षा 15 अंशांपर्यंत वेगळे दाखवते, आणि कधी कधी तेच बरोबर येते. होकायंत्र खराब झाले का? (वाचक, सीवूड्स, नवी मुंबई)

उत्तर : होकायंत्र बहुधा धडधाकट आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली, तुलनाच चुकीची असू शकते. प्लॉटरवरचा आकडा जीपीएसचा असेल तर तो बोट जमिनीवरून कुठे सरकते आहे ते सांगतो. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, कुठे वळलेली आहे ते त्याला कळत नाही. बोट 4 नॉटने चालली असेल आणि ओहोटीची धार आडवी 1 नॉट असेल, तर दोन्हींत 14 अंशांचा फरक पडणारच. त्यात होकायंत्राची काही चूक नाही. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्याही आत आहे, तेव्हा तेही कारण धरू नका.

दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. बऱ्याच माइकांच्या पोटात स्पीकर असतो आणि स्पीकरच्या पोटात चुंबक. ‘कधी कधी बरोबर येते’ यावरून वाटते की माइक हातात घेतला की चूक बदलत असावी. मोबाइल चिकटवणाऱ्या होल्डरचेही तेच. बोट धक्क्याला घट्ट बांधा, या सगळ्या वस्तू काढून ठेवा आणि होकायंत्राचा आकडा लिहून घ्या. मग एकेक वस्तू तिच्या जागी आणा आणि दर वेळी आकडा पाहा. धक्क्याच्या लोखंडामुळे मूळ आकडा चुकीचा असला तरी चालेल, आपण फक्त बदल पाहतो आहोत. शेवटी प्लॉटर आणि दिवा बंद-चालू करा. नुसत्या स्विचने आकडा हलला तर दोष वायरिंगचा. होकायंत्राजवळून जाणाऱ्या जमा आणि परत वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात.

मांडणी करताना पेडेस्टलचा माथा होकायंत्राला द्या आणि बाकीच्यांना उरलेली जागा. होकायंत्राची समोरची रेघ बोटीच्या मध्यरेषेला समांतर हवी. प्लॉटरच्या माहितीपुस्तिकेत होकायंत्रापासूनचे सुरक्षित अंतर छापलेले असते, ते टेपने मोजून पाळा. माइक आसनाच्या बाजूला न्या. स्टेनलेसवर आंधळा विश्वास नको : 304 प्रतीची पट्टी वाकवली किंवा ठोकली की थोडी चुंबकीय होते. होकायंत्राचे स्क्रू पितळेचे घ्या.

त्यानंतर होकायंत्र जुळवायचे. दिवस भांगाचा, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा, निवडा आणि वेळ भरती-ओहोटी थांबलेली. अटल सेतूपासून लांब जा, कारण त्याचे मोठे गाळे पोलादी आहेत. चार्टवरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून खरी दिशा ठरवा. होकायंत्रातल्या दुरुस्तीच्या चुंबकांचे स्क्रू पितळी स्क्रूड्रायव्हरने फिरवा. नाळ उत्तरेला करून सगळी चूक काढा, मग पूर्वेला करून सगळी काढा. दक्षिणेला आणि पश्चिमेला जी चूक दिसेल ती अर्धीच काढायची. शेवटी दर 45 अंशांवर उरलेली चूक मोजून तक्ता करा आणि तो सुकाणूजवळ चिकटवा. वस्तू हलवण्याआधी ही जुळणी करू नका. 15 अंशांची चूक चुंबक फिरवून दाबली, तर माइक जागचा हलताच ती उलट्या बाजूला उभी राहील.

प्रश्न : 22 फुटी बोट, हाताच्या दांड्याचे सुकाणू. टिलर पायलट (दांडा आपोआप हलवून दिशा राखणारे यंत्र) बसवायचा आहे. मापे कोणती धरावीत? (वाचक, बेलापूर)

उत्तर : रेमरीनच्या एसटी 1000 आणि एसटी 2000 या मॉडेलांसाठी दांड्यावरची पिन सुकाणूच्या आसापासून 460 मिमीवर आणि पिनेपासून आसनावरच्या खाचेपर्यंतचे अंतर 589 मिमी धरतात. दुसरे मॉडेल असेल तर त्याच्या पुस्तिकेतली मापे घ्या. मापाइतकेच महत्त्वाचे म्हणजे दांडा मधोमध असताना पायलट त्याला काटकोनात आणि आडवा, समपातळीत असला पाहिजे. तिरका बसला की एका बाजूला जोर कमी पडतो. भोके पाडण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी कापून दांडा दोन्हीकडे फिरवून बघा.

खाच जिथे बसेल तिथला फायबरग्लास बोटाने दाबून पाहा. दबत असेल तर मागून प्लायवूडचा ठोकळा इपॉक्सीने चिकटवा, कारण पूर्ण ताकद तिथेच उतरते. बॅटरीपासून वायर 5 मीटर लांब असेल, म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर, तर 2.5 चौरस मिमीच्या तांब्यात 5 अँपिअरला सुमारे 0.37 व्होल्ट पडतात. 12 व्होल्टांच्या मानाने ते 3 टक्क्यांच्या जरा वर जाते. 4 चौरस मिमीची, कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्या, म्हणजे 0.23 व्होल्टच पडतील. फ्यूज बॅटरीजवळ ठेवा.

पायलट सारखा घरघरत राहिला तर दोष त्याला देऊ नका. बोट सतत वाऱ्याच्या दिशेला ओढत असेल तर मोठे शीड कमी करा. हाताला जड लागणारे सुकाणू मोटरलाही जडच लागते आणि ती बॅटरी खाते.

प्रश्न : चाकाच्या बोटीबरोबर एक जादा लोखंडी दांडा मिळाला आहे. तो खालच्या पेटीत पडून असतो. तिथेच ठेवला तर चालेल का? (वाचक, ऐरोली)

उत्तर : तो तार तुटल्यावर सुकाणू फिरवण्यासाठी आहे, म्हणून सुकाणूच्या मागे हात पोहोचेल तिथे बांधा. सुकाणूच्या उभ्या दांड्याच्या डोक्यावरचे झाकण उघडणारी किल्ली आणि क्वाड्रंटच्या तारा सोडवायचा पाना त्याच्याच शेजारी हवा. तार तुटण्याऐवजी अडकली असेल तर ती सोडवल्याशिवाय हा दांडा फिरणारच नाही.

झाकणाचे आटे मिठाने धरतात. महिन्यातून एकदा ते उघडून ग्रीस लावा आणि रबरी रिंग पाहा. जादा दांडा त्या चौकोनी डोक्यावर बसवून संथ पाण्यात प्रत्यक्ष वळण घेऊन बघा. काही बोटींवर तो चाकाला अडतो आणि चाक काढावे लागते. तुमच्या बोटीवर तसे असेल तर चाकाच्या नटाला बसणारा पानाही त्याच जागी बांधून ठेवा. दांडा लोखंडीच असेल तर तो होकायंत्रापासून लांबच्या बाजूला बांधा.