माळ कापलीस ते पाहिलं

बाळा,

तुझा फोटो पाहिला. अभ्यासिकेचं टेबल, त्यावर उघडं पडलेलं पुस्तक, त्यावर कात्रीने कापलेली तुळशीची माळ आणि खाली एवढंच, "काका, दीड मार्काने गेलं. एवढी वर्षं येडी होते का मी?" रात्री पावणेदोनला. मी जागाच होतो, पण फोन केला असता तर ओरडलो असतो, म्हणून आत्ता सकाळी लिहितोय. मला टाइप करायला वेळ लागतो, तेवढ्यात डोकं थंड होतं.

तुझे बाबा आणि मी एकाच दिंडीतले, तू तान्ही असल्यापासून बघतोय, तेव्हा 'खचू नकोस' वगैरे लिहीत बसत नाही. ते मेसच्या मावशींनीही सांगितलं असेल.

येडी होतीस का? होतीस थोडी. माळ घातलीस म्हणून नाही, नवस बोललीस म्हणून. वर्षभर निर्जळ एकादश्या करते, यंदा पोस्ट दे. हा सौदा झाला गं. विठोबाने कधी सही केली होती त्यावर? आणि आता त्याने शब्द मोडला म्हणून तू माळ कापणार. नवस आणि नेम यातला फरक तुझ्या आजीला कळायचा, तुला पाठ करून घ्यायला पाहिजे. नवसाला मुदत असते. नेमाला नसते. निकाल लागो न लागो, संध्याकाळी हरिपाठ म्हणायचा, विषय संपला.

तुझा नवस फळला नाही म्हणून रडतेस, माझा फळला होता. भोसरीत गाळ्यात माझे दोन लेथ होते, एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळावी म्हणून पंढरपुरात जाऊन चांदीचं छत्र कबूल केलं. ऑर्डर मिळाली! छत्र वाहिलं, हिशोब मिटला, आणि मग हरिपाठ सुटला, कारण आता मागायचं काय राहिलं होतं? लोन काढून कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन घेतलं, तीन शिफ्ट, गाडी, सगळं झालं, फक्त रात्री झोप लागेना, शेजारच्या गाळ्यात नवीन मशीन उतरलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा.

अण्णा, माझे वडील, दरवर्षी आळंदीहून वारीत चालायचे. मला म्हणायचे, पूर्ण नको येऊ, पुण्यातून निघ, दिवे घाट तेवढा चढ माझ्याबरोबर, सासवडहून बसने परत जा. एक दिवस मागत होते गं. मी म्हणायचो, अण्णा, पुढच्या वर्षी नक्की, यंदा डिस्पॅच आहे. असं चार वर्षं. पाचव्या वर्षी माघात ते गेले. डिस्पॅच काय होतं ते आज मला आठवतही नाही.

२००९ च्या मंदीत त्याच कंपनीने शेड्यूल बंद केलं, पेमेंट अडकवलं, बँकेचा हप्ता मात्र काही थांबत नव्हता. सीएनसी गेलं मिळेल त्या भावात. त्या आषाढात अण्णांचे टाळ गळ्यात अडकवून निघालो, खरं सांगू, भक्तीने नाही, घरी बसवत नव्हतं म्हणून. लोणंदला एका नळावर तोंड धुताना टाळ काढून ठेवले आणि तिथेच विसरलो. संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या जमल्या, हजारो टाळांचा नुसता कल्लोळ, मग चोपदारांनी चोप वर केला आणि एका क्षणात सगळं गप्प. कुणा दिंडीची तक्रार असेल तर फक्त तेच टाळ वाजवत राहतात, त्यांचं ऐकून घेतलं जातं. मग हरवलं-सापडलं सांगतात. एक चष्मा, एक पिशवी, आणि मग, पितळी टाळांचा जोड, लाल दोरी. एवढा जनसमुदाय एका माणसाच्या टाळांसाठी गप्प उभा. मी गेलो, घेतले, परत रांगेत आलो. डोळ्यात पाणीबिणी नंतर आलं, आधी फक्त असं वाटलं की आज मी काही मागितलेलं नाही. किती वर्षांनी!

तेव्हापासून नेम मोडलेला नाही. संध्याकाळी सातला लेथ बंद करतो, हात पुसतो, स्टुलावर बसून हरिपाठ. कूलंटचा वास येत असतो, बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत असतो, निम्मे दिवस मन लागत नाही. न लागू दे. मन लागलं की करीन म्हणणाऱ्याचं कधीच होत नाही, नेम धर, मन येतं मागून फरफटत. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं मी कुणाचा व्हेंडर नसतो. मी काही संत झालेलो नाही, परवाच रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडलो.

तुझी काकू म्हणते, हरलात म्हणून देवाकडे गेलात. म्हणू दे. तेव्हा लढलो असतो, दुसरं लोन काढलं असतं तर आज शेडचा मालक असतो म्हणे. असतो की! आणि गोळ्या खात असतो. मशीन मी बँकेसाठी विकलं, वारीसाठी नाही, हे तिला पंधरा वर्षं सांगतोय. जाऊ दे, तो विषय वेगळा.

आणि एक, आता वैराग्य आल्यासारखं पुस्तकं बांधून गावी जाऊ नकोस. तुकोबांचं उदाहरण देशील, माहितीये मला. ते देहूचे महाजन, वाण्याचा धंदा, १६३० च्या आसपासच्या दुष्काळात धंदा बसला, बायको अन्नावाचून गेली. नंतर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती निम्मी, स्वतःच्या वाट्याची. कान्होबांचा, धाकट्या भावाचा, निम्मा वाटा आधी त्यांच्या हातात दिला. हे कुणी सांगत नाही कीर्तनात नीट. तुझ्या चार वर्षांत आईच्या दोन पाटल्या आहेत. तुझा वाटा बुडवायचा तर बुडव, आईचा नाही. परत बसायचं का नोकरी बघायची ते बाबांशी बोल, मला त्यातलं कळत नाही, आणि देवालाही मध्ये घालू नकोस. अभ्यास कर नाहीतर नोकरी कर, नेम दोन्हीकडे बसतो. सावतोबा अरणच्या मळ्यातच राहिले, कांदे-मुळे सोडून कुठे गेले नाहीत.

फोटोत माळेचे दोन मणी पुस्तकाच्या शिवणीत अडकलेले दिसतायत, पान उलटताना पडतील. काढून ठेव डबीत. दोरा माझ्याकडे आहे, अण्णांच्या टाळाला लावतो तोच, लाल. रविवारी काकूने केलेल्या पुरणपोळ्या घेऊन अभ्यासिकेखाली येतो अकराला, खाली ये, लिफ्ट बंद असते तुमची आणि माझे गुडघे गेलेत.

तुझा काका