बेसूर व्हायची सोय ठेव

चिरंजीवास आशीर्वाद.

ज्यावर बोटं फिरवून वाजवतोस तो टॅबलेट विकून कीबोर्ड घेऊ का, हे तुझ्या पत्रात वाचून आधी रागच आला. काचेवर बोटं घासणारा वादक कसला, असं कुणीतरी म्हणालं आणि तू लगेच गिऱ्हाईक शोधायला निघालास! कोल्हापूरच्या देवल क्लबात, गाण्याच्या मैफलीत, काच घेऊन कोण बसू देईल, हेही लिहिलंस. ते पुढचं पुढं बघू. ज्यावर बेसूर होता येतं ते वाद्य. आधी हे डोक्यात घाल.

तुझ्या ॲपमध्ये सप्तक निवडलं की नको ते स्वर गायब होतात, बोट कुठंही पडो. ते बंद कर. जिओश्रेड या वाजवायच्या ॲपमध्ये चुकलेलं बोट जवळच्या स्वरावर ओढून नेण्याची सोय असते, तीही काढ. घरचे दार लावून घेतील, घेऊ देत. तानपुरा लाव आणि षड्जापासून पंचमापर्यंत बोट न उचलता जा. अलीकडं थांबलास की पलीकडं गेलास, हे कानाआधी बोटाला कळलं पाहिजे. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांचं ध्वनिमुद्रण लावून त्यातली एकच सुरावट काचेवर आठवडाभर शोध. खाँसाहेबांची गायकी ज्या गावात रुजली तिथं राहतोस, तेवढं तरी कर.

हे एक पेटीवाला सांगतोय, म्हणून हसशील. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, नाही; दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. असल्याच कारणांनी १९४० साली रेडिओनं पेटी बाहेर काढली, ती तीस वर्षं. तरी आपल्या गोविंदराव टेंब्यांनी त्याच पेटीवर मैफली गाजवल्या. मी जन्मभर कणस्वर, म्हणजे शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श, लावून मींडेचा भास उभा करत आलो. तो भासच राहिला, ते अजून सलतं. तुला खरी मींड बोटाखाली मिळालीय आणि तू कीबोर्ड घेणार? ती माझीच पेटी, विजेवरची.

मग पेटीवर कुठं बेसूर होता येतं, असं विचारशील. येतं रे. गायक कोमल गंधारावर रेंगाळत असताना मागून शुद्ध दाबून बघ, सगळी बैठक वळून बघते. माझी पेटी वाद्यच आहे, यावर वाद नको.

काचेचं उणं एकच: बोट कुठं आहे ते तिला कळतं, किती दाबलंय ते नाही. गराजबँड हे ॲप टॅबलेटला बसलेल्या हादऱ्यावरून ठोक्याचा जोर ताडतं, पण त्यावर लांबवलेला स्वर फुलत नाही. बोट वर-खाली सरकवून आवाज लहान-मोठा करायची सोय असेल तर तीच घोट. आणि ते ब्लूटूथचं हेडफोन फेकून दे. आवाज बोटाच्या मागून येतो आणि तू मात्र लय कच्ची म्हणून रडत बसतोस. वायर लाव.

रविवारी सकाळी ये, वायर घेऊन. स्पीकर माझ्याकडं आहे. ती सूर ओढायची सोय चालू दिसली तर चहा मिळणार नाही.